लॉक स्क्रीनवरचे चित्र राहते कुठे?

संगणक संकेतशब्द मागण्याआधी पडद्यावर जे चित्र दाखवतो, त्याविषयीची बरीच पत्रे साचली होती. विषय एकच असल्याने त्यांतली निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. फोल्डरांची आणि आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत दिसतील आणि तशीच टंकावी लागतील.

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज आहे आणि लॉक स्क्रीनवर अधूनमधून आपोआप नवे चित्र येते. गेल्या आठवड्यात धुक्यात बुडालेल्या एका पुलाचे चित्र फार आवडले, पण दुसऱ्या दिवशी ते गेले. सगळ्या जेपीजी फाइली शोधून पाहिल्या, त्यात ते नाही. ही चित्रे संगणकात उतरतात, की थेट इंटरनेटवरून दिसतात?

उत्तर : उतरतात. इंटरनेट बंद करून संगणक लॉक करून पाहा. चित्र तरीही येईल, कारण ते डिस्कवरूनच येत असते. विंडोज १० पासून मिळालेल्या या सोयीला ‘विंडोज स्पॉटलाइट’ म्हणतात. पडद्यामागे चालणारा एक घटक मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून काही चित्रे आगाऊ आणून ठेवतो आणि लॉक स्क्रीनला त्यांतले एकेक पुरवत राहतो. आपल्याला ती न सापडण्याची कारणे दोन आहेत. एक तर ती एका लपवलेल्या फोल्डरच्या बऱ्याच आत असतात, आणि दुसरे म्हणजे विंडोज १० मध्ये या फाइलींना जेपीजी हे एक्स्टेन्शनच, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरेच, नसतात. जेपीजी म्हणून शोध घेतला तर त्या हाती लागणार कशा?

तेथपर्यंत जाण्याची वाट अशी. विंडोजचे बटण दाबून धरून ‘आर’ दाबा. येणाऱ्या छोट्या चौकटीत ‘लोकलॲपडेटा’ हा शब्द मधे अंतर न सोडता टंका, त्याच्या मागेपुढे एकेक टक्केचिन्ह द्या आणि एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये ‘पॅकेजेस’ आहे. त्यात ज्या फोल्डरच्या नावात ‘कन्टेन्टडिलिव्हरीमॅनेजर’ हा शब्द येतो तो उघडा, मग ‘लोकलस्टेट’ आणि मग ‘ॲसेट्स’. येथे अंक आणि अक्षरे यांची लांबलचक, अर्थहीन नावे असलेल्या फाइलींची रांग दिसेल. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मात्र हे बिऱ्हाड हलले आहे. ‘पॅकेजेस’मध्येच ‘मायक्रोसॉफ्टविंडोज’, ‘क्लायंट’ आणि ‘सीबीएस’ हे शब्द टिंबांनी जोडलेले नाव असलेला फोल्डर शोधा. त्यात ‘लोकलकॅश’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्यात ‘आयरिससर्व्हिस’. आपल्या संगणकावर पहिली जागा रिकामी किंवा जुनाट वाटली, तर दुसरी पाहावी.

एक्स्टेन्शन नाही म्हणून फाइल चित्राची नाही असे होत नाही. ‘ॲसेट्स’मधली एखादी मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. बहुतेक सगळा मजकूर कचऱ्यासारखा दिसेल, पण अगदी पहिल्या ओळीत ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही अक्षरे रोमन लिपीत स्पष्ट वाचता येतील. ही जेपीजी चित्राची खूण आहे. चित्र दाखवणारे बरेच प्रोग्राम फाइलच्या नावापेक्षा या सुरुवातीच्या बाइट्सवरच विश्वास ठेवतात. नावाच्या शेवटची तीन अक्षरे विंडोजला लागतात ती मुख्यतः डबल-क्लिक केल्यावर कोणता प्रोग्राम उघडायचा हे ठरवण्यासाठी. नोटपॅडमध्ये पाहून झाल्यावर फाइल सेव्ह न करता बंद करावी हे सांगायला नकोच, तरी सांगतो. सेव्ह केली तर चित्र कायमचे बिघडते.

आता चित्रे बाहेर काढण्याविषयी. मूळ फोल्डरमध्येच नावे बदलण्याचा मोह टाळा, कारण विंडोज त्या फाइली त्याच विचित्र नावांनी शोधणार असते. सगळ्या फाइली दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या आणि तेथे प्रत्येक नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘जेपीजी’ जोडा. फाइली पुष्कळ असतील तर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरवर जाऊन ‘रेन’ ही आज्ञा, पुढे एक तारका आणि मग तारका-टिंब-जेपीजी असे दिले की एका फटक्यात काम होते. त्यानंतर प्रत्येक चित्र दोनदा आल्यासारखे वाटेल. ती पुनरावृत्ती नाही: एक प्रत १९२० × १०८० पिक्सेलांची आडवी असते आणि दुसरी १०८० × १९२० ची उभी, म्हणजे उभ्या धरलेल्या टॅब्लेटसाठी. काही किलोबाइटांच्या ज्या बारीक फाइली आहेत, त्या चिन्हे आणि जाहिरातवजा चौकटींच्या असतात. त्या खुशाल टाकून द्याव्यात.

पुलाचे चित्र मात्र आता तेथे असेलच असे नाही. हा साठा तात्पुरता आहे. नवी चित्रे आली की जुनी काढली जातात. म्हणून चित्र आवडले की त्याच दिवशी ते उतरवून घेण्याची सवय लावावी.

प्रश्न : मी घरच्यांचा एक फोटो लॉक स्क्रीनवर लावला होता. पुढे काही कारणाने तो फोटो संगणकातून काढून टाकला, रीसायकल बिनही रिकामा केला. तरी लॉक स्क्रीनवर तो तसाच आहे. मग फोटो खरोखर गेला आहे की नाही?

उत्तर : आपली फाइल गेली आहे, विंडोजने काढून घेतलेली प्रत गेलेली नाही. या उत्तराच्या मागे जे कारण आहे ते नीट कळले तर या अंकातल्या बाकीच्या प्रश्नांची अर्धी उत्तरे आपोआप मिळतील, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

डेस्कटॉपवरचे चित्र आणि लॉक स्क्रीनवरचे चित्र वरवर सारखी दिसली, तरी संगणकाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. डेस्कटॉप दिसतो तेव्हा आपण आत आलेले असतो; आपल्या नावाने, आपल्या अधिकारांनी प्रोग्राम चालू असतात आणि आपल्या फोल्डरमधली फाइल वाचणे त्यांना सहज शक्य असते. लॉक स्क्रीन ही दारावरची पाटी आहे. ती दिसते तेव्हा आत येऊ पाहणारा माणूस कोण, हेच अजून ठरायचे असते. संगणक नुकताच सुरू झाला असेल तर आपल्या नावाने एकही प्रोग्राम चाललेला नसतो. अशा वेळी चित्र दाखवायचे, तर ते कोणाचीही खाजगी कपाटे न उघडता हाताशी येईल अशा जागी आधीच ठेवलेले हवे. शिवाय मूळ फोटो पेन ड्राइव्हवर असू शकतो, नेटवर्कवर असू शकतो, किंवा आपल्या बाबतीत झाले तसा तो पुसलाही जाऊ शकतो. त्यामुळे आपण सेटिंग्जमध्ये चित्र निवडताच विंडोज त्याची स्वतःपुरती प्रत करून ठेवते आणि मूळ फाइलशी तिचे नाते तेथेच संपते.

ही प्रत सी ड्राइव्हवर ‘प्रोग्रामडेटा’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’ आणि ‘सिस्टिमडेटा’ अशा वाटेवर असते. त्याच्या आत प्रत्येक वापरकर्त्याच्या सुरक्षा-क्रमांकाचा एक फोल्डर असतो, त्यात ‘रीडओन्ली’, आणि त्यात ‘लॉकस्क्रीन’ या शब्दापुढे एकेक रोमन अक्षर जोडलेले फोल्डर. आतल्या फाइलच्या नावातच पडद्याची लांबी-रुंदी लिहिलेली असते, उदाहरणार्थ १९२० आणि १०८०. म्हणजे विंडोजने फोटो नुसता उतरवलेला नसतो, तर आपल्या पडद्याच्या मापाचा करून ठेवलेला असतो. ‘सिस्टिमडेटा’ हा फोल्डर उघडायला गेलात तर परवानगी नाही असा निरोप येईल. संगणकाचे प्रशासक म्हणून आत आला असलात तरी येईल, कारण तो फोल्डर ‘सिस्टिम’ या अंतर्गत खात्याच्या मालकीचा आहे. मालकी स्वतःकडे घेऊन तो उघडता येतो, पण ज्यांना या अधिकारांची उलथापालथ पुन्हा जागेवर बसवता येते त्यांनीच त्या वाटेला जावे.

आपल्यापुरता उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’ आणि ‘लॉक स्क्रीन’ येथे जाऊन दुसरे चित्र निवडा. तेथे नुकतीच वापरलेली चित्रे लहान आकारात एका पट्टीत दिसतात. आपला जुना फोटोही त्यात असेल. एकामागून एक चारपाच वेगळी चित्रे निवडत गेलात की तो पट्टीतून बाहेर सरकतो. संगणक विकायचा किंवा दुसऱ्याला द्यायचा असेल, तर मात्र अशा किरकोळ सफाईवर न थांबता तो ‘रीसेट’ करून सर्व काही पुसण्याचा पर्याय निवडावा. चित्रांच्या प्रती ज्या ज्या कोपऱ्यांत राहतात त्यांतला हा एकच कोपरा आहे. डेस्कटॉपवरच्या चित्राची प्रतही अशीच ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’ या नावाने, एक्स्टेन्शनविना, आपल्याच ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये ‘थीम्स’खाली पडून असते.

प्रश्न : लॉक स्क्रीनवरचे चित्र स्वच्छ दिसते, पण एखादी कळ दाबून संकेतशब्दाची चौकट आली की तेच चित्र धूसर होते. ग्राफिक्स कार्डात दोष आहे का?

उत्तर : दोष नाही, ती सजावट आहे. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून साइन-इनच्या पडद्यामागचे चित्र मुद्दाम अंधुक केले जाते, जेणेकरून नजर संकेतशब्दाच्या चौकटीवर जावी. नको असेल तर ‘पर्सनलायझेशन’मध्ये ‘कलर्स’ येथे जाऊन ‘ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स’ बंद करा. त्याबरोबर टास्कबार आणि स्टार्ट मेनूची पारदर्शकताही जाईल, एवढी किंमत मोजावी लागते.

या निमित्ताने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: आपल्याला जो एकच पडदा वाटतो, तेथे दोन वेगळे प्रोग्राम काम करत असतात. चित्र, घड्याळ आणि सूचना दाखवणारा ‘लॉकॲप’ वेगळा आणि संकेतशब्द घेणारा ‘लॉगॉनयूआय’ वेगळा. दुसऱ्याची व्यवस्था कडक असते. संकेतशब्दाची चौकट विंडोज एका राखीव, सुरक्षित डेस्कटॉपवर काढते, जेथे आपण चालवलेल्या साध्या प्रोग्रामांना काही रेखाटता येत नाही की टंकलेले वाचता येत नाही. नाहीतर एखाद्या लबाड प्रोग्रामला हुबेहूब तशीच चौकट काढून संकेतशब्द लुबाडणे सोपे झाले असते. चित्र पुसट होण्याच्या त्या क्षणी खरोखरच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे तसे काहीसे घडत असते.

प्रश्न : फोनवर काढलेला फोटो लॉक स्क्रीनला लावला की डोक्याचा वरचा भाग कापला जातो. डेस्कटॉपला ‘फिट’, ‘सेंटर’ असे पर्याय आहेत; लॉक स्क्रीनला ते का नाहीत?

उत्तर : का नाहीत याचे उत्तर ज्यांनी ते दिले नाहीत त्यांनाच ठाऊक; डोके का कापले जाते हे मात्र आकडेमोडीने दाखवता येते.

समजा फोटो ४००० × ३००० पिक्सेलांचा आहे, म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण ४:३. पडदा १९२० × १०८० चा, म्हणजे १६:९. लॉक स्क्रीन पडद्याची एकही कड रिकामी ठेवत नाही, त्यामुळे फोटो आधी पडद्याच्या रुंदीइतका, १९२० पिक्सेलांचा केला जातो. त्या प्रमाणात त्याची उंची होते १४४०. पडद्याला हवी १०८०. उरलेल्या ३६० ओळींपैकी १८० वरून आणि १८० खालून जातात. म्हणजे फोटोचा बरोबर एक चतुर्थांश भाग दिसतच नाही. फोटो फोन उभा धरून काढलेला असेल तर हिशोब आणखी निष्ठुर होतो: ३००० × ४००० चा फोटो १९२० रुंदीला आणला की उंची २५६० होते, त्यातल्या १०८० ओळी ठेवल्या जातात आणि निम्म्याहून अधिक फोटो कापला जातो. उभ्या फोटोतला चेहरा सहसा वरच्या तिसऱ्या भागात असतो, आणि कात्री नेमकी तेथेच चालते.

त्यामुळे कात्री संगणकाच्या हाती देण्यापेक्षा आपण स्वतः चालवावी. कोणत्याही फोटो-प्रोग्राममध्ये १६:९ हे प्रमाण ठरवून फोटो कापा, चेहरा हवा तेथे येईल असे पाहा आणि ती नवी फाइल लावा. लॅपटॉपचा पडदा १६:१० असेल तर ते प्रमाण घ्या. कापताना घड्याळाची जागाही ध्यानात असू द्या: विंडोज १० मध्ये ते खाली डावीकडे येते, विंडोज ११ मध्ये वर मध्यभागी, आणि मॅकवर २०२३ च्या सोनोमा या आवृत्तीपासून घड्याळ वर व वापरकर्त्याचे नाव तळाशी असते. फोटो उभाच ठेवायचा असेल, तर १९२० × १०८० च्या एका साध्या, गडद रंगाच्या पार्श्वभूमीवर तो मध्यभागी किंवा एका बाजूला चिकटवून त्याचे आडवे चित्र करून घ्यावे. मला स्वतःला हाच मार्ग अधिक आवडतो. रिकाम्या जागेवर घड्याळ सुखाने बसते.

प्रश्न : मॅकवर मी डेस्कटॉपचे चित्र बदलले. पडदा लॉक केला की नवे चित्र दिसते, पण मॅक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला की संकेतशब्द विचारताना जुनेच चित्र येते. असे दोन वेळी दोन का?

उत्तर : आपल्या मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’, म्हणजे डिस्कवरचा डेटा संकेतशब्दाशिवाय वाचता येणार नाही असा कूटबद्ध करणारी सोय, चालू असण्याची दाट शक्यता आहे. दारावरच्या पाटीचा जो मुद्दा वर आला, तो मॅकवर याहून ठळकपणे दिसतो.

मॅक आपल्या लॉक स्क्रीनसाठी डेस्कटॉपच्या चित्राची एक तयार प्रत ठेवत आला आहे. मोजावे आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती मुख्य ‘लायब्ररी’मधल्या ‘कॅशेस’ या फोल्डरात, ‘डेस्कटॉप पिक्चर्स’खाली, वापरकर्त्याच्या लांबलचक ओळखक्रमांकाच्या फोल्डरमध्ये ‘लॉकस्क्रीन’ नावाची पीएनजी फाइल म्हणून सापडते. मॅक नुसता लॉक असतो तेव्हा डिस्क उघडलेली असते आणि ही प्रत वाचता येते. फाइलव्हॉल्ट चालू असताना मॅक बंद करून सुरू केला, की परिस्थिती पूर्ण बदलते. आपल्या डेटाचा सगळा विभाग कूटबद्ध असतो आणि तो उलगडण्याची किल्ली तुमच्या संकेतशब्दातूनच मिळायची असते. म्हणजे संकेतशब्द विचारणाऱ्या पडद्याला जे चित्र दाखवायचे, ते ज्या कपाटात आहे त्याची किल्ली तो पडदा अजून मागतोच आहे!

यावर काढलेला तोडगा म्हणजे डिस्कवरचा ‘प्रीबूट’ नावाचा एक छोटा, कूटबद्ध नसलेला विभाग. सुरुवातीच्या त्या पडद्याला लागणारी सामग्री तेथे ठेवलेली असते: कोण कोण वापरकर्ते आहेत, त्यांची चित्रे, मागची पार्श्वभूमी वगैरे. चित्र बदलल्यावर त्या विभागातली प्रत ताजी व्हायला कधी कधी वेळ लागतो, आणि तोवर जुने चित्र दिसत राहते. टर्मिनलमध्ये ‘डिस्कयुटिल’, ‘एपीएफएस’, ‘अपडेटप्रीबूट’ आणि शेवटी एक तिरपी रेघ अशी आज्ञा प्रशासकाच्या खात्यातून दिली की तो विभाग नव्याने लिहिला जातो. त्या विभागातले काहीही कूटबद्ध नसते हे लक्षात घेता, ज्या फोटोविषयी संकोच आहे असा फोटो पार्श्वभूमीला लावू नये.

प्रश्न : मॅकच्या डेस्कटॉपवर सकाळी उजेडाचे आणि रात्री अंधाराचे असे एकाच जागेचे चित्र आपोआप बदलते. ही वेगवेगळी चित्रे कोठे असतात?

उत्तर : एकाच फाइलमध्ये. २०१८ च्या मोजावेपासून ही सोय आली. फाइल एचईआयसी प्रकारची असते आणि या प्रकारात एका फाइलच्या पोटात अनेक चित्रे ठेवता येतात. मोजावेच्या वाळवंटाच्या प्रसिद्ध चित्रात ती १६ होती. प्रत्येक चित्राबरोबर सूर्याची आकाशातली उंची आणि दिशा नोंदलेली असते, आणि आपल्या ठिकाणी सूर्य त्या वेळी कुठे आहे याचा हिशोब करून मॅक त्यातले योग्य चित्र निवडतो. सोनोमापासून आलेली हलती दृश्ये मात्र चित्रे नसून व्हिडिओ आहेत. लॉक स्क्रीनवर ती संथपणे सरकत असतात आणि आत आल्यावर हळूहळू थांबून डेस्कटॉपचे स्थिर चित्र होतात. या फाइली मोठ्या असतात आणि निवडल्यावरच उतरतात, त्यामुळे डिस्कवर जागा कमी असेल तर ढीगभर दृश्ये नुसती चाळून पाहण्यासाठी उतरवून ठेवू नयेत.

प्रश्न : लिनक्सवर लॉक स्क्रीनला माझे चित्र येते, पण संगणक सुरू केल्यावर लॉगिनच्या पडद्यावर करडा रंगच राहतो. सेटिंग्जमध्ये त्याचा पर्याय सापडत नाही.

उत्तर : तो पर्याय तेथे नाही, कारण लिनक्सवर हे दोन पडदे दोन वेगळ्या हद्दींत येतात. ग्नोम हे डेस्कटॉप वापरत असाल असे धरून चालतो. पडदा लॉक होतो तेव्हा आपणच आत असता; ग्नोमचे कवच आपल्या अधिकारांनी चालू असते आणि ते २०२० च्या ३.३६ या आवृत्तीपासून डेस्कटॉपचेच चित्र धूसर करून लॉक स्क्रीनमागे दाखवते. लॉगिनचा पडदा मात्र ‘जीडीएम’ हा वेगळा प्रोग्राम दाखवतो आणि तो ‘जीडीएम’ याच नावाच्या स्वतंत्र वापरकर्त्याच्या अधिकारांनी चालतो. त्याला आपल्या सेटिंग्ज माहीतच नसतात. त्याचा करडा रंग एका बांधीव संसाधन-फाइलमध्ये लिहिलेला असतो. ती उलगडून, बदलून पुन्हा बांधणारी छोटी साधने मिळतात, पण ग्नोमच्या पुढच्या अद्यतनात ती फाइल बदलली की केलेले सगळे वाया जाते. या खटाटोपात मी स्वतः दोनदा पडलो आणि दोन्ही वेळा अद्यतनानंतर करडा रंग परत आला. तेव्हापासून तो मला आवडू लागला आहे.

‘जीडीएम’ऐवजी ‘लाइटडीएम’ हा लॉगिनचा प्रोग्राम वापरणाऱ्यांचे काम सोपे आहे. ‘ईटीसी’मधल्या ‘लाइटडीएम’ या फोल्डरात जीटीके ग्रीटरची, म्हणजे लॉगिनचा पडदा रेखाटणाऱ्या भागाची, मांडणी-फाइल असते. तिच्यात ‘बॅकग्राउंड’पुढे चित्राचा पत्ता लिहायचा. येथे हमखास होणारी चूक म्हणजे तो पत्ता स्वतःच्या होम फोल्डरमधल्या चित्राचा देणे. पत्ता बरोबर असतो, फाइलही जागेवर असते, तरी पडदा रिकामाच राहतो. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नवे होम फोल्डर इतर वापरकर्त्यांना न उघडता येण्याजोगे केले, आणि ते योग्यच आहे. पण लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रामही त्या ‘इतरां’तच मोडतो. होम फोल्डर सर्वांसाठी उघडा करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चित्राची प्रत ‘यूएसआर’, ‘शेअर’, ‘बॅकग्राउंड्स’ या सामाईक जागी ठेवा, सर्वांना वाचता येईल एवढीच परवानगी द्या आणि तो पत्ता लिहा. ग्नोमऐवजी केडीई हे डेस्कटॉप वापरणाऱ्यांनीही हेच तत्त्व पाळावे. तेथे लॉगिनचा पडदा ‘एसडीडीएम’ सांभाळतो आणि त्याचे चित्र त्याच्या थीमच्या फोल्डरातून येते.

प्रश्न : फोर-के आकाराचे जड चित्र लावल्याने संगणक मंदावतो का?

उत्तर : नाही. १९२० × १०८० च्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे उलगडलेले चित्र सुमारे ८३ लाख बाइट घेते, मग मूळ जेपीजी फाइल ५०० किलोबाइटांची असो की ५ मेगाबाइटांची. पडदाच फोर-के असेल, म्हणजे ३८४० × २१६०, तर हा आकडा चौपट, सुमारे ३ कोटी ३२ लाख बाइट होतो. आजच्या संगणकाच्या मेमरीत ही रक्कम किरकोळ आहे, आणि पडद्याच्या मापाची प्रत आधीच करून ठेवलेली असेल तर मूळ जड फाइल पुन्हा उलगडण्याचा प्रश्नही येत नाही.

आकाराचे बंधन जाचायचे ते विंडोज ७ मध्ये. तेथे लॉगिनच्या पडद्याचे चित्र बदलण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, एक नोंद करावी लागे आणि ‘सिस्टिम३२’मधल्या ‘ओओबीई’च्या आत स्वतः फोल्डर तयार करून तेथे ‘बॅकग्राउंडडीफॉल्ट’ नावाची जेपीजी फाइल ठेवावी लागे. ती २५६ किलोबाइटांहून मोठी झाली की विंडोज काही न बोलता आपले निळे चित्र दाखवी, आणि चूक कुठे झाली हे शोधण्यात संध्याकाळ जाई. स्वतंत्र लॉक स्क्रीन २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली आणि चित्र बदलणे साध्या सेटिंग्जमध्ये आले.

प्रश्न : कार्यालयाच्या संगणकावर लॉक स्क्रीनचे चित्र बदलण्याचा पर्याय फिकट दिसतो आणि काही सेटिंग्ज संस्थेकडून ठरवली जातात असे लिहून येते. यावर काही युक्ती आहे का?

उत्तर : युक्ती सुचवणार नाही, तो संगणक संस्थेचा आहे आणि तेथील प्रशासकाने ‘ग्रुप पॉलिसी’ किंवा तत्सम साधनाने एकच चित्र सर्वांवर लागू केले आहे. विंडोजच्या एन्टरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत ही सोय आहे. हे पत्र एखाद्या प्रशासकानेच वाचले तर त्यांच्यासाठी एक सूचना: त्या धोरणात चित्राचा पत्ता नेटवर्कवरचाही देता येतो, पण तो देऊ नका. लॅपटॉप नेटवर्कपासून दूर असताना लॉक स्क्रीनला ते चित्र मिळेलच याची खात्री नसते. चित्राची प्रत प्रत्येक संगणकाच्या सी ड्राइव्हवर, सर्वांना वाचता येईल पण बदलता येणार नाही अशा फोल्डरात आधी पोहोचवा आणि धोरणात तो पत्ता लिहा. पुढे चित्र बदलताना जुन्याच नावावर नवी फाइल न लिहिता नाव बदला, म्हणजे विंडोजने जपलेली जुनी प्रत पुन्हा डोके वर काढणार नाही.